लेट मी गो, म्हणे!

हॅलो?… हं, तूच का! सकाळपासून लावतेय मी, आत्ता आठवण झाली होय मोठ्या बहिणीची?… कसली बरी! नुसता तिळपापड झालाय माझा… अगं, आमची सूनबाई! निघाली… माहेरी नाही गं. माहेरी गेली असती तर चार दिवसांनी परत आली असती. परगावी चाललीय. सहा महिने! उद्या सकाळच्या गाडीने.

ट्रेनिंग म्हणे. चष्म्याच्या दुकानात आहे ना ती, तेच पाठवतायत. डोळे तपासायचं मशीन शिकायला… हो, हो, पगारी. अगं ऐक ना, पगाराचं कोण बोलतंय! मी विचारलं, कुणाला विचारून हो म्हणालीस? तर काय म्हणाली असेल?… "आई, तुम्हाला विचारून."

मला!

कधी म्हणजे? त्या इंग्रजीच्या क्लासात!… अगं, मी पण जाते. सांगितलं नव्हतं का तुला?… हसू नकोस. वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरतो, रविवारी दुपारचा. ती जायला लागली तेव्हा म्हटलं, गिऱ्हाइकांशी बोलायला शिकत असेल. पण दर वेळी आपली नटूनथटून… मग मी म्हटलं, चल, मीही येते… लक्ष ठेवायला कशाला?… बरं बाई, लक्ष ठेवायला. पुढचं ऐकशील का आता?

तर क्लासच्या बाई जोड्या लावतात. एकीने वाक्य म्हणायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. आणि जोडी कुणाची लावली? आमची! सासू-सून म्हटल्यावर सगळा वर्ग खिदळला… हो, आणि धडा हा असा. लेट मी गो… लेट. मी. गो. म्हणजे 'मला जाऊ दे'. हेल्प हर कुक, तिला स्वयंपाकाला मदत कर. मेक हिम वेट, त्याला ताटकळत ठेव. सगळं असलंच. कुणाला काहीतरी करायला लावायचं, नाहीतर करू द्यायचं. मी बाईंना म्हटलं, हे तर मी आयुष्यभर मराठीतून करत आलेय!

… हो, येतेय त्याच्यावरच. हिचा नंबर आला. उभी राहिली आणि पुटपुटली, "लेट मी गो." मलाच ऐकू येईना, वर्गाला काय येणार? मी म्हटलं, जोरात म्हण… हो गं, मीच! पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं तिला. शेवटी म्हणाली खणखणीत. पुस्तकाकडे न बघता, माझ्याकडे बघून… आणि मी काय करणार? खाली उत्तर छापलेलंच होतं! "येस, आय विल लेट यू गो." म्हटलं मी. बाई म्हणाल्या, "व्वा, काकू!" टाळ्या पडल्या. घरी आल्यावर तुझ्या भाच्याला पण म्हणून दाखवलं मी, एवढी खूश होते. आणि ही भवानी त्याच संध्याकाळी दुकानात फोनवरून हो सांगून मोकळी!

केसाने गळा कापला गं माझा. भर वर्गात.

… काय?… तिला खरंच वाटलं असेल म्हणजे? तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?… अगं, धडा तो धडा! पुढच्या पानावर 'वॉच मी जंप' आहे. मग काय, मी खिडकीतून उडी मारू आणि तुम्ही सगळे बघणार?

तुझा भाचा? तो काय बोलणार! "क्लासात तुमचं काय ठरलं ते मला काय माहीत," म्हणाला, किल्ली उचलली आणि गेला ड्यूटीवर. दोघींच्या मध्ये पडायचं नाही, हे त्याला कुठल्याही भाषेत बरोबर कळतं.

… स्वयंपाकाचं काय त्यात? माझे हात मोडलेत का?… औषधं माझी मी घेते. तू समजतच नाहीयेस. तो पहाटे जातो, रात्री येतो, आला की मोबाइलमध्ये तोंड. दिवसभर मी आणि चार भिंती. संध्याकाळी ती आली की दारातूनच सुरू व्हायचं आमचं. टीव्ही एवढा मोठा कशाला, दूध का उतू गेलं, ओला टॉवेल खुर्चीवर कुणी टाकला… आता सहा महिने भांडू कुणाशी मी? सांग ना!… तुझ्याशी काय भांडायचं, तू लगेच रडतेस. घर खायला उठेल गं मला.

आणि राग त्याचा नाहीये… जाण्याचा नाही! विचारायचं होतं तर सरळ मराठीत विचारायचं. रोज एका ओट्याशी उभ्या असतो आम्ही, कोपराला कोपर लागतं. तोंड उघडायला काय झालं होतं? ते साऱ्या वर्गासमोर, असल्या परक्या भाषेत, जिच्यात 'दे' आणि 'द्या' सगळं एकच…

… आहे, आहे. ऐकतेय.

… मराठीत विचारलं असतं तर?

… तुला नसत्या चौकशा!

… नाही म्हणाले असते. झालं समाधान?… हो, लगेच. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत.



थांब, थांब जरा… काय गं?… आतून हाका मारतेय. "आई, हेल्प मी क्लोज द बॅग!" लाडीगोडी लावतेय, सकाळपासून बोलले नाहीये ना मी तिच्याशी… नाही जाणार मी. एऽ, इंग्रजीत नाही! काय विचारायचंय ते मराठीत विचार! ऐकतेय मी इथे!

… अगं, बाहेर आली. दारात उभी आहे.

…

… ऐकू आलं का तुला?… नाही? "आई, जाऊ द्या ना मला," म्हणाली. हळूच म्हणाली. पण मला आलं ऐकू.

… काय म्हणू गं आता? छापलेलं पण काही नाही समोर.

… जा.

जा म्हटलं ना! किती वेळा म्हणायला लावशील?… आणि डोळे पूस आधी. लोकांचे डोळे तपासायला चाललीस ना? आणि हे बघ, संध्याकाळी तुझ्या यायच्या वेळेला फोन करायचा. रोज. भांडायला!

… नाही गं, तुला नाही, तिला… नाही, रडत नाहीये मी. चल, ठेवते. ती बॅग अशी बंद व्हायची नाही, वर कुणीतरी बसावं लागेल… हो, मीच बसणार. दुसरं कोण आहे घरात? ठेव.