बबनचं बिनतारखेचं बिल

हसू नका, पण आमच्या मिरचीच्या कंपनीत डायरेक्टर दोघंच, मी आणि बबन. गुडघे गेले तसा तो वाशी सोडून मुलीकडे नाशिकला राहायला गेला. मी नमुने पाठवतो, तो वास घेऊन माल कसा ते सांगतो आणि कंपनीला बिल लावतो. सीए म्हणाले, डायरेक्टर असला तरी बिल हवंच.

मी दर महिन्याला खोट काढून बिल परत धाडतो. त्या निमित्तानं तो फोनवर अर्धा तास शिव्या घालतो आणि शेजारच्या गादीवर बसल्यासारखा वाटतो.

यावेळी तारीखच नव्हती. मी विचारलं, "बबन्या, तारीख कोण टाकणार, तुझा बाप?"

"मुद्दाम मोकळी ठेवली. मी मार्केटला कधी येऊ, ती टाक."

मी उद्याची टाकली.