मोजणीच्या खोलीची किल्ली

सन्माननीय अध्यक्ष मर्ल स्टॅडिग, व्यासपीठावरील कार्यकारिणीचे सभासद, शेजारच्या परगण्यातून आलेले पाहुणे नेमबाज, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या व्हर्नाबाई टॉलेफसन, आणि एल्कच्या मांसाचा रस्सा निवतोय म्हणून माझ्याकडे रागानं बघणाऱ्या समस्त बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. "ऑरिन, गोड बोल, बाईंना विश्रांतीच्या शुभेच्छा दे आणि खाली बस," असं अध्यक्षांनी दारातच बजावलं. त्यांची निवड चुकली नव्हती. जूनमध्ये बाईंविरुद्धचा अर्ज मीच लिहिला होता. अकरा सह्या, त्यात पहिली माझी. मग निरोपाला माझ्याहून लायक माणूस कोण?

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. आमच्या क्लबात प्रत्येक जण काडतुसं घरीच भरतो. पितळी केस म्हणजे पोकळ नळकांडं, त्यात बंदुकीची दारू, वर गोळी. ती गोळी केसमध्ये किती खोल बसवायची, यावर नेमही अवलंबून आणि जीवही. म्हणून स्पर्धेआधी प्रत्येकानं आपलं एक काडतूस बाईंच्या टेबलावर ठेवायचं, असा बावीस वर्षांचा नियम. बाई टोकापासून मोजत नाहीत. टोकं कारखान्यातूनच लहानमोठी येतात. गोळी जिथं पुरती जाड होते आणि नळीतल्या आट्यांना भिडते, तो तिचा खांदा. कॅलिपरला भोकाचा ठोकळा लावून बाई तिथून मोजतात. तीनदा मोजतात. आणि नळी झिजते म्हणून दर वर्षी तुमची रायफलही नव्यानं मोजायला लावतात.

जूनमध्ये त्यांनी कुणाचं काडतूस परत केलं? अध्यक्षांचं! (मर्ल, छताकडे बघू नका, सगळ्यांना ठाऊक आहे.)

"हे माप कुणाच्या रायफलीचं?" बाईंनी विचारलं.

"आपल्या क्लबातल्या डेलच्या. दोघांच्या रायफली एकाच कंपनीच्या आहेत, व्हर्ना."

"तुमचा दातांचा डॉक्टरही एकच आहे. म्हणून डेलची कवळी घालशील का?"

रांग खो खो हसली. अध्यक्ष स्पर्धेला मुकले, बक्षिसाची ढाल पाहुण्यांनी नेली. त्या हसण्याचं आणि गेलेल्या ढालीचं उट्टं म्हणजे माझा अर्ज. 'प्रौढ माणसांना शाळकरी पोरांसारखं वागवलं जातं,' असं मी त्यात लिहिलं. चाळीस वर्षं इतिहास शिकवला आहे, वाक्यं मला जमतात. बाईंनी ते वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "ऑरिन, तू पेपरांवर लाल रेघा मारायचास, तेव्हा पोरं अर्ज करायची का रे?"

मग आला ऑगस्ट. अर्जामुळे नियम तात्पुरता उठलेला, बाईंचं टेबल रिकामं. मी नव्या खोक्यातल्या गोळ्या बसवल्या, टोकापासून मोजून, जुन्याच आकड्यावर. इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत जुळलं! छाती फुगली माझी. स्पर्धेत पहिलीच गोळी झाडणार, तेवढ्यात एक हरीण डुलत डुलत मैदानात शिरलं. "थांबा! बोल्ट उघडा!" मी बोल्ट, म्हणजे रायफलीच्या मागचा सरकता दांडा, ओढला. केस बाहेर आली. गोळी आली नाही. ती नळीच्या आट्यांत रुतून बसली होती आणि दारू रायफलीच्या पोटात सांडली होती. नव्या गोळीचा खांदा जुन्या गोळीच्या खांद्यापेक्षा पुढं होता. टोकाला त्याचा पत्ताच नव्हता.

हरीण आलं नसतं तर? मी ते काडतूस उडवलं असतं. रुतलेल्या गोळीमागे दाब किती चढला असता? मला माहीत नाही, मी मोजलंच नव्हतं. त्या बोल्टपासून चार बोटांवर माझा डोळा होता.

डेल ओरडला, "अरे ऑरिन, गोळीलाही अर्ज लिहून बघ, बाहेर येते का!"

बाई मागे बाकावर हकलबेरीचा केक खात बसल्या होत्या. उठल्या. माझ्याकडून दारू झाडून घेतली, नळीच्या तोंडातून सळई घालून दोन हलके ठोके दिले आणि गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

"कुठून मोजलीस?"

"टोकापासून."

"हं," म्हणाल्या, आणि केक संपवायला गेल्या.

आता कार्यकारिणीचा ठराव आहे: नियम कायमचा रद्द, मोजणीची खोली बंद. कारणं काय? वेळ जातो. तक्रारी येतात. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्या. मी विचारतो, बावीस वर्षांत बाईंचं माप चुकलं अशी एक तरी तक्रार आली का? दाखवा! सगळ्या तक्रारी माप बरोबर निघाल्याच्या आहेत. खरं सांगणारा माणूस अडचणीचा झाला की त्याला पदक देऊन घरी पाठवतात, हे मी वर्गात चाळीस वर्षं शिकवलं. आणि वेळ आली तेव्हा अर्ज कुणी लिहिला? मी.

तो अर्ज इथं माझ्या हातात आहे. माझी सही मी तुमच्यासमोर खोडतो. उरलेल्या दहा जणांसाठी पेन टेबलावर ठेवतो.

कार्यक्रमपत्रिकेत पुढचा मुद्दा आहे, 'किल्लीचं हस्तांतरण.' बाईंनी संध्याकाळी ही किल्ली माझ्याकडे दिली. "मर्लला देऊन टाक," म्हणाल्या. "भांडायचा कंटाळा आला." बाई, तुम्ही दमलात, हे कबूल. मी अजून सुरुवातही केलेली नाही. अध्यक्षमहोदय, हात मागे घ्या. किल्ली मिळणार नाही. गुरुवारी सहाला खोली उघडी असेल. कुलूप बदललंत तर कॅलिपर घेऊन मी पायरीवर बसेन. व्हर्नाबाई, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आलात तर पहिलं काडतूस माझं मोजा, आणि चुकलं असेल तर सगळ्यांदेखत परत करा.

रस्सा रांधणाऱ्यांचे, हॉल देणाऱ्या अग्निशमन दलाचे आणि पाचाची बारा मिनिटं सोसणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

किल्लीबद्दल मात्र मी माफी मागत नाही.