तिसऱ्या रस्त्याचा व्हॉल्व्ह

—एकोणीसशे सत्त्याण्णवचा जानेवारी आहे, मार्लिस, आणि आयोवाची थंडी मला सांगू नकोस — दार लाव आधी. पाइप फुटलाय, दिसतंय मला खिडकीतून. तिसऱ्या रस्त्यावर कारंजं उडतंय. वृद्धाश्रमाचे नळ कोरडे? पडणारच. गाडी चालूच ठेवलीस बाहेर? बरं. बसू नकोस मग.

अडतीस वर्षं या गावाला पाणी दिलं मी. शाळा आठवीपर्यंत — पुढे काय असतं ते बघायला गेलो नाही. माझ्या जागी आलीस तू, काउंटीच्या कॉलेजातली दोन वर्षांची पदवी घेऊन. सकाळी डेअरीत काम, संध्याकाळी वर्ग. चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांदेखत म्हणालो मी — दोन वर्षांत कालवडसुद्धा जेमतेम विते, ही काय गावाला पाणी पाजणार! लोक हसले. तूही हसलीस — कॉफी ओतत होतीस.

वेळ नाही, माहीत आहे. ऐक तरी. क्लोरीन मी वासावर ओळखायचो. वहीत आकडा लिहायचो — तपासून? रोज नाही. — बरं, शेवटची सहा वर्षं कधीच नाही. गुडघे गेलेले, गावाच्या उत्तर टोकाच्या नळापर्यंत कोण जाणार? तू पहिल्याच आठवड्यात नमुन्याची बाटली घेऊन गेलीस. तिथे क्लोरीन शून्य. शून्य! त्या टोकाला बालवाडी आहे, माझी पणती जाते तिथे. तू लाइन धुऊन काढलीस, मात्रा बसवलीस, एकही पोर आजारी पडलं नाही. कुठे शिकलीस? — त्याच दोन वर्षांत. आणि कौन्सिलपुढे अवाक्षर नाही. मला एवढंच म्हणालीस, 'मिस्टर लुंडे, आता ठीक आहे.' ठीक आहे! त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्यास तर बरं. कुणाचे उपकार अंगावर ठेवायची सवय नाही मला.

तिसऱ्या रस्त्याचं पाणी तोडणाऱ्या त्या व्हॉल्व्हचं विचारतेस ना? जाताना तुला दिलेल्या नकाशावर जागा दाखवली, फिरवायची दिशा लिहिली नाही. विसरलो? — नाही. मुद्दाम. वाटलं, जोर लावशील, दांडा मोडशील, अख्ख्या गावाचं पाणी बंद पडेल, मग म्हणतील, लुंडे होता तेव्हा असं नव्हतं. हो, असंच वाटलं. बघू नकोस अशी.

हलेना, म्हणून जोर न लावता विचारायला आलीस? हेही शिकवतात तिथे? — मला कुणी शिकवलं नाही. मी दोन मोडले होते.

बाकी सगळे उजवीकडे बंद होतात. हा एकच उलटा. बासष्ट साली मीच बसवला. डावीकडे फिरव. एकवीस फेरे. सावकाश — शेवटचे पाच तर एकेक करून, नाहीतर दाबाने पाइप दुसरीकडे फुटेल.

फिटलं. जा.