डिकीतला बेस

…न्हाय, न्हाय, चूक माझीच हाय, मी कुठं न्हाय म्हणतोय? पण पावणं, तुमीच सांगा, 'बेस' म्हंजे काय? चांगलं! व्हय का न्हाय? जेवाण बेस झालं, सोयरीक बेस जमली, पोरगं बेस हाय… आमच्या आख्ख्या वारणानगरात ह्योच अर्थ चालतो की! मग कोल्हापुरात वसीमच्या, गाडीला टेप-स्पीकर बसवायच्या दुकानात गेल्यावर त्यो बदलतो कसा?

पयल्यापास्नं सांगतो. गाडी घेतली, जुनीच, पण माझी पयली, ती आईसाठी. गुडघ्याच्या आपरेशनपास्नं आमची आई, चिमणाबाई, वॉकर धरून चालती, आणि तिची बहीण ऱ्हाती गडहिंग्लजला. म्हटलं, आता एस्टीचे हाल नकोत. आई एवढंच म्हणाली, "बाळासो, गाडीत अभंग लावायची सोय कर बाबा. आवाज तेवढा बेस असू दे."

झालं! मी वसीमला शब्दाला शब्द सांगितलं, आईला बेस पायजे. त्यो बघतच ऱ्हायला. "अम्मांना? बेस?" म्हटलं, व्हय की! "थोडा का जास्त?" म्हटलं, एकदम बेस! "खरंच अम्मा म्हणाल्या?" म्हटलं, गळ्याशप्पथ! तसा कानाला हात लावत "मान गये अम्मा को!" म्हणाला आणि रुखवतातल्या ट्रंकंएवढी स्पीकरची काळी पेटी काढून डिकीत ठिवली, वायरी जोडल्या, गाणं लावलं… धम्म! धम्म! छातीतनं आरपार! आणि हितंच, पावणं, हितंच मला कळलं की ह्याचा बेस म्हंजे स्पीकरचा दणका, आणि आईचा बेस येगळा. कळलं हुतं हो! खोटं कशाला बोलू? 'वसीम, थांब, घोटाळा झालाय,' एवढंच म्हणायचं हुतं. पण छातीत कसलं ग्वाड वाजत हुतं… मी म्हटलं, "बसीव. आईची इच्छा हाय." आईच्या नावावर! चूक माझीच हाय, मी कुठं न्हाय म्हणतोय?

रविवारी निघालो. पुढं मी आणि बायको, मागं आई आणि दोन पोरं. वॉकर ठिवायला डिकी उघडली… जाईना! उभा जाईना, आडवा जाईना, जाईल कसा, आत पेटी बसलीया जावयावानी! आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, मांडीवर घेते." गडहिंग्लजपत्तोर मांडीवर वॉकर! अभंग लावला, मृदंग सुरू झाला, तशी आई दचकली, "बाळासो, गाडी थांबीव! डिकीत कोणतरी कोंडलंय, धडका मारतंय बिचारं!" पोरं हसून लोळाय लागली. म्हटलं, आई, त्यो बेस हाय. "व्हय का?… मग बेस हाय," म्हणाली आणि मांडीवरचा वॉकर नीट धरला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो!

पुढच्या खेपंला म्हणाली, "तुमी या गाडीनं. मी एस्टीनं जाते, तितं पाय तरी पसराय मिळत्यात." जिच्यासाठी गाडी घेतली ती एस्टीत, आणि म्हागनं आमी रिकाम्या सीटसकट! आवाज बंदच ठिवला. एस्टीच्या म्हागच्या काचंतनं आई हसून हात करती, आणि मला वर बघवंना. लाज वाटली, पावणं. चूक माझीच हाय, मी कुठं…

दुसऱ्या दिवशी वसीमला म्हटलं, काढ ती पेटी. "का? अम्मांना पसंत न्हाय पडली?" आता काय करणार, खरं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला, "तौबा! आणि मी येईल त्या गिऱ्हाईकाला सांगतोय, वारणेच्या अम्मा बघा, ह्या वयात बेस ऐकत्यात!"

पेटी घरी आणली, म्होरच्या सोप्यात ठिवली आणि आईम्होरं हुबा ऱ्हायलो. म्हटलं, आई, तुझं सांगणं बरोबर हुतं. मला दुकानातच कळलं हुतं, पण माझ्या हौसंपायी तुझं नाव पुढं केलं. आई मेथी निवडायच्या बेतात हुती. तिला खाली बसता येत न्हाय न्हवं… वॉकर बाजूला सारला, हळूच त्या पेटीवर टेकली, जरा हलून बघितलं, मेथीची जुडी सोडली आणि म्हणाली,

"म्हाईत हाय मला. पण बसायला बेस हाय रं!"