चेतनचं ऑनलाइन दुकान

पासवर्डवरून आठवलं. आम्हाला एमसीएला सुरक्षित ऑनलाइन दुकान बांधायचा विषय होता. सरांची परीक्षा अशी की एकमेकांची दुकानं फोडायची. ज्याचं फुटेल त्याचे मार्क गेले.

शिरपूरच्या चेतनचं दुकान रूपालीने बसल्या जागी उघडलं. पासवर्ड विसरला तर विचारायचा प्रश्न त्याने ठेवला होता, 'मामाचं गाव कोणतं?' आता आपल्याकडे नावाआधी मामाचं गाव विचारतात. पारोळा, हे अख्ख्या वर्गाला पाठ होतं.

सर म्हणाले, "चेतन, इथे कोणालाच उत्तर माहीत नसेल असा प्रश्न टाक. पुढच्या सोमवारी परत बघू."

चेतनने प्रश्न बदलला, 'होणारी सासुरवाडी कोणती?' मुलगी बघून आल्याचं त्याने आम्हा मित्रांनाही सांगितलं नव्हतं.

सोमवारी रूपालीने 'पिंपळनेर' टाइप केलं. दुकान उघडलं.

"तुला कसं कळलं?" सरांनी विचारलं.

"सर, मुलगी माझी मावसबहीण आहे. मुलाची चौकशी मावशीने माझ्याकडेच केली."

चेतनला मार्कांचं भान राहिलं नाही. "मंग तू काय सांगितलं?"

"चांगलंच सांगितलं. म्हटलं, मुलाला काही लपवता येत नाही."