लाओ किती शिकू?

लाओसमधल्या पाक्सेच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी एक म्हातारी आणि तिचा गोरा जावई बसले होते. त्याची चार वर्षांची मुलगी, मालीवान, म्हातारीच्या मांडीवर झोपली होती. म्हातारीला जुनी फ्रेंच येत होती, दोघं त्यातच बोलत होती.

"आई, मी लाओ किती शिकू? बाजारापुरती येते मला."

"येते की. 'मिरची कमी घाला' एवढं तर झकास म्हणतोस."

"मग अजून किती?"

"काल मालीवान रडत होती, तेव्हा तू तिला केळं दिलंस."

"भूक लागली वाटलं."

"ती विचारत होती, आई कधी येणार."

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, बाबाला विचार. माझी लेक वारली त्याला दोन महिने झाले. पण पोरीला ते तूच सांगायला हवंस."

"माझं बोलणं पोरीपर्यंत तिची आईच पोचवायची."

"हो. सगळ्यांपर्यंत तीच पोचवायची."

"आई, 'ती परत येणार नाही' हे कसं म्हणायचं?"

म्हातारीनं हळूच एक वाक्य म्हटलं. त्यानं ते म्हणून पाहिलं.

"शेवटच्या शब्दाचा सूर वर चढवलास की अर्थ बदलतो. आवाज खाली सोड."

त्यानं पुन्हा म्हटलं.

"अजून खाली."

बस लागली, तरी दोघं उठली नाहीत.