भिंतीवरची पाल

ऑपरेशनआधी आजोबांच्या डोळ्यांत थेंब घालून नर्स बाटली ठेवायला वळली. मागे आजी-आजोबांचं सुरूच होतं.

"अहो, भिंतीवर पाल आहे."

"जन्म पालींच्या अभ्यासात घालवला मी, आणि तू नुसतं पाल म्हणतेस? पाठ कशी आहे, ते सांग."

"गुळगुळीत."

"खडबडीत नाही ना? नीट बघ."

"नाही हो."

"मग ही आपल्या स्वयंपाकघरातल्या पालीच्याच जातीतली. खडबडीत पाठीची वेगळी. शेपटी?"

"बारीक काटे आहेत."

नर्सने वर पाहिलं. भिंत रिकामी होती.

"अजून आहे ना गं?"

"आहे की. तुमच्याकडेच बघतेय."

"थापा मारू नकोस. मघाशीच खिडकीबाहेर जाऊन चुकचुकली ती."

"मग इतका वेळ विचारत काय बसलात?"

"माझ्या हातातला तुझा हात आत्ता कुठे थरथरायचा थांबलाय. हं, पालीची बोटं कशी आहेत?"